ऑगस्टातला ऑक्टोबर

ऑगस्टचा दुसरा शनिवार. बाहेर ९५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने ३५ अंश, आणि वर न्यू जर्सीचा तो चिकट दमटपणा. संध्याकाळी मागच्या अंगणात ग्रिल पेटवायचा बेत होता, म्हणून हलकी, थंडगार, गव्हाची उन्हाळी बिअर आणायला नेहमीच्या दुकानात गेलो. आत शिरल्या शिरल्या समोर काय? नारिंगी खोक्यांचा डोंगर! एका बाजूला निळ्या-पांढऱ्या चौकटींची ऑक्टोबरफेस्ट, दुसऱ्या बाजूला दात विचकणारे भोपळे. वर पुठ्ठ्याची लाल-पिवळी मेपलची पानं लटकवलेली. बाहेर एकाही झाडाचं पान अजून पिवळं झालेलं नाही आणि आत शरद ऋतू येऊन बसलाय.

माझी उन्हाळी बिअर? संपली. परत येणार नाही.

दुकानाचे मालक एक गुजराती काका आहेत. ते म्हणाले, "भाई, जुलै एंड में आ गया ये माल. लेना है तो अभी ले लो, बाद में मत बोलना." मी हसलो. घाम पुसत ऑक्टोबरफेस्ट कोण पितं, असं काहीतरी बोललो आणि दुसरंच काहीतरी घेऊन बाहेर पडलो. ते हसणं मला पुढे चांगलंच महागात पडलं. पण ते नंतर.

आधी थोडा इतिहास. (कंटाळा करू नका, छोटासाच आहे.) अमेरिकेत ऑक्टोबरफेस्ट म्हणून जी तांबूस, किंचित गोडसर, भाजलेल्या पावाच्या चवीची बिअर मिळते तिचं मूळ नाव मेर्त्सन. म्हणजे सरळ सरळ 'मार्चवाली'. १५५३ मध्ये बव्हेरियात फर्मान निघालं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळायची नाही. कारण उन्हाळ्यात बिअर नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ठेवायची, थंड तळघरांत बर्फ भरून ती सांभाळायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, त्या सावलीत लोक बसायला लागले, आणि त्यातूनच तिथल्या बिअर गार्डन्स वाढल्या. शरदात नवीन बिअर करायला परवानगी मिळायची, तेव्हा पिंपं रिकामी करायला उरलेली जुनी बिअर संपवायची.

पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या मदतीने शीतकरणाचं यंत्र तयार केलं आणि हा सगळा खटाटोपच संपला. आता बिअर कधीही करता येते. म्हणजे मेर्त्सनचा मार्चशी संबंध उरला नाही आणि ऑक्टोबरशीही नाही. उरला तो फक्त आपला संकेत.

इथे कुणी चोखंदळ माणूस म्हणेल, की मग ऑगस्टात प्यायला काय हरकत आहे? मूळ मेर्त्सन उन्हाळाभरच तर प्यायचे! बरोबर आहे. शिवाय खुद्द ऑक्टोबरफेस्टही सप्टेंबरातच सुरू होतो. १८१० च्या ऑक्टोबरात राजपुत्र लुडविगच्या लग्नाचा जल्लोष म्हणून तो सुरू झाला, पण पुढे हवा बरी असते म्हणून अलीकडे सरकवला. तेव्हा 'परंपरा मोडली हो' असा गळा काढायचा मला अधिकार नाही, आणि तो काढायचाही नाही. माझं दुखणं वेगळं आहे.

ते समजायला हा माल इतक्या लवकर का येतो ते बघायला हवं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे नेहमीच्या रिलीज डेटच्या भांडणासारखं दिसतं. इथे बहुतेक ठिकाणी बिअर करणारा, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार असे तीन थर आहेत. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर ही व्यवस्था आली. दुकानातलं शेल्फ ठरावीक लांबीचं. त्यावर शरदातल्या बिअरसाठी समजा चार जागा आहेत, आणि उमेदवार चाळीस. जो आधी पोचला तो बसला. दुसऱ्या टोकाला भिंत आहे. भोपळ्याच्या बिअरला ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविननंतर कुत्रं विचारत नाही आणि थँक्सगिव्हिंगनंतर तर ती फुकट दिली तरी लोक नको म्हणतात. उरलेला माल म्हणजे निव्वळ तोटा. त्यामुळे शेवटी उरण्यापेक्षा आधी संपलेली बरी, असा सरळ हिशोब.

आता तुम्ही ब्रुअरी चालवताय आणि शेजारच्याने माल १ सप्टेंबरऐवजी १५ ऑगस्टला आणला. तुम्ही काय कराल? १ ऑगस्ट. मग तो? जुलै. यात कुणीही मूर्ख नाही, प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणाच आहे. पण सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज अशी होते की घाम गाळणाऱ्या माणसाच्या हातात दालचिनी-जायफळ घातलेली बिअर येते. भोपळ्याची तर आणखी गंमत. नवा भोपळा शेतातून यायचा सप्टेंबर-ऑक्टोबरात. जुलैत विकायची बिअर त्याआधी काही आठवडे तरी गाळायला लागते. म्हणजे तिच्यात यंदाचा भोपळा असूच शकत नाही! असतो तो गेल्या वर्षीचा डब्यातला गर, किंवा नुसताच मसाला. आणि हे फक्त बिअरवाल्यांचं नाही. स्टारबक्सची ती प्रसिद्ध पम्पकिन स्पाइस लाटे २००३ मध्ये आली. अलीकडे ती ऑगस्टमध्येच येते, लोकांच्या अंगावर अजून अर्ध्या चड्ड्या असतात तेव्हा.

तर माझं दुखणं. माझा जुना रूम-पार्टनर आणि मी, आम्ही दोघं एकाच वर्षी इथे आलो. पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी अचानक गारठा पडला. दोघांकडेही धड जाकीट नव्हतं. अपार्टमेंटच्या जिन्यात बसून आम्ही एक ऑक्टोबरफेस्टचं सिक्सपॅक संपवलं. नाव बघून घेतलं होतं, बिअरमधलं तेव्हा काही कळत नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी पहिला गारठा पडला की त्याचा नाहीतर माझा फोन जाणारच : "काय रे, पडला का?" मग नोकऱ्या बदलल्या, लग्नं झाली, तो एका गावात मी दुसऱ्या, पण ती एक संध्याकाळ सुटली नाही. यंदा तो सगळं आवरून पुण्याला परत निघाला. कायमचा. तिकीट ऑक्टोबरच्या मध्याचं. म्हणजे ही शेवटचीच.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी फोन आला, "पडला." हापिसातून निघून थेट दुकानात गेलो. नारिंगी डोंगर गायब. त्या जागी काळ्या स्टाउट, आणि एका खोक्यावर चक्क बर्फाचे कण आणि रेनडिअर! काका म्हणाले, "बोला था ना?" आणखी दोन दुकानं फिरलो. एकात भोपळे शिल्लक होते, दुसऱ्यात तेही नव्हते. आमची ती बिअर ज्या दिवसासाठी होती त्या दिवशी नेमकी नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, मंडळी. मोसमी वस्तू लवकर येते याचं मला वाईट वाटत नाही. ती तिच्या वेळेला नसते, याचं वाटतं. लवकर आलेला पाहुणा चालतो हो, पण तो लवकर जातोही. मोसम काही लांबत नाही, नुसता सरकतो, आणि सरकत सरकत अशा जागी जातो जिथे त्याचं नाव आणि बाहेरची हवा यांचा काडीचा संबंध उरत नाही.

त्यात आता फळीवर स्थिर असं फारसं काही राहिलेलंच नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत शंभराच्या आत ब्रुअऱ्या होत्या, आज नऊ हजारांच्या वर आहेत. क्राफ्ट ब्रुअरीचं वेळापत्रक पूर्वी सोपं असायचं : वर्षभराच्या दोन-तीन ठरलेल्या बिअर, आणि ऋतूप्रमाणे चार पाहुण्या. आता दर आठवड्याला नवी गढूळ आयपीए, नवं नाव, नवं चित्र, पुढच्या आठवड्यात ती गायब. चाखायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण जुनी आवडलेली परत भेटेल याची खात्री गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ पासून दर वर्षी ख्रिसमस एल काढली. दर वर्षी कृती वेगळी, लेबलवर झाड वेगळं, पण येणार म्हणजे येणार. २०२३ मध्ये ती ब्रुअरीच बंद पडली. आणि २०२४ मध्ये तर अमेरिकेत जितक्या ब्रुअऱ्या उघडल्या त्यापेक्षा जास्त बंद झाल्या. अशा दिवसांत धंदा जगवायला कुणी महिनाभर आधी माल आणला, तर त्याला शिव्या द्यायला मन धजत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. म्युनिकला १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो. सकाळपासून तंबू खचाखच भरलेले असतात, पण दुपारी बारा वाजता महापौर पहिल्या पिंपाला नळ ठोकेपर्यंत कुणालाही बिअर मिळत नाही. १९५० पासून हे असंच चाललंय. हजारो माणसं रिकाम्या टेबलांशी वाट बघत बसतात, आणि मला वाटतं त्या पहिल्या घोटाची निम्मी चव त्या वाट बघण्यातच असते.

आणि एक बिअर अशी आहे की जिला लवकर आणताच येत नाही. ताज्या हॉप्सची. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात ऑगस्टच्या शेवटी हॉप्सची काढणी सुरू होते. एरवी ते वाळवून वर्षभर वापरतात, पण ही बिअर ओल्या हॉप्सची. ते वेलीवरून काढले की साधारण दिवसभरात कढईत पडायला हवेत, नाहीतर कुजतात. सिएरा नेवाडाने १९९६ मध्ये अशी हार्वेस्ट एल काढली, आणि आता बरेच जण करतात. इथे मार्केटिंगवाल्याचं काही चालत नाही, तारीख वेल ठरवते.

आमच्या आजीचं असंच होतं. अक्षय्य तृतीयेला पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय ती घरात आंब्याला हात लावू द्यायची नाही. बाजारात हापूस कधीचा आलेला असायचा, आम्ही पोरं कुरकुर करायचो. "आंबा कुठे पळून जातोय?" असं ती म्हणायची. आणि खरंच जायचा नाही, कारण आसपासची सगळी घरं तशीच थांबलेली असायची. आता वाशीच्या बाजारात जानेवारी-फेब्रुवारीत पहिली पेटी येते, तिच्या किमतीची बातमी होते, आणि आपण ती कौतुकाने एकमेकांना पाठवतो. पेटी लवकर आणणारा एकटा दोषी नाही, कौतुक करणारे आपणही आहोत.

हे सगळं मी पार्टनरला तावातावाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "अरे, मग ऑगस्टात घेऊन फ्रीजमध्ये ठेवायची होतीस की. तुझे ते बव्हेरियावाले तेच तर करायचे!"

गप्प झालो. मुद्दा बिनतोड होता. पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं की नाही, यात एक गोम आहे. मी ऑगस्टात घेतलेलं सिक्सपॅक दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ऑगस्टची विक्री म्हणून नोंदलं जातं. मी ते कधी प्यायलो हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की ऑगस्टात खपते, पुढच्या वर्षी जुलैत मागवू. 'नंतर मिळणार नाही' या भीतीने आपण आधी घेतो, आणि आधी घेतल्यामुळेच ती नंतर मिळत नाही. गेली काही वर्षं मीही हेच केलंय, यंदा नेमका हसलो एवढंच.

म्हणून मी आपला एक साधा नियम केलाय. १५ सप्टेंबरच्या आधी शरदातली बिअर घ्यायची नाही, कुणी कितीही घाबरवलं तरी. घ्यायची ती शक्यतो जवळच्या छोट्या ब्रुअरीच्या टॅपरूममधून, कारण तिथे शेल्फची मारामारी नाही. स्वतःच्या नळाला काय कधी लावायचं हे तो स्वतः ठरवतो. आणि त्याला जाऊन सांगायचं, की बाबा, दोन पिंपं ऑक्टोबरसाठी ठेव, मी येतो. एकट्याने काय होणार, असं म्हणाल तर खरं आहे. पण आजीच्या वाड्यातही सुरुवात कुणीतरी एकानेच केली असेल.

आणि ती संध्याकाळ? शनिवारी पार्टनरला घेऊन गावाबाहेरच्या एका टॅपरूममध्ये गेलो. मेर्त्सन तिथेही संपली होती. पण नळावर ताज्या हॉप्सची एल होती, चारच दिवसांपूर्वी लावलेली. हिरव्या गवतासारखा वास, जिभेवर जराशी कडू. बाहेर बाकावर बसलो, दोघांकडेही चांगली जाकिटं होती. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "आपली नाहीये, पण आत्ताची आहे."

पुण्यात गारठा डिसेंबरात पडतो. तेव्हा त्याचा फोन येईल. मी वाट बघेन, मला काही घाई नाही.