स्टड वेल्डिंगचं मशीन नंतर घ्या, आधी गिऱ्हाइकाचा पत्रा मोजा



माझा फास्टनरचा धंदा. त्यामुळे एक प्रश्न सारखा येतो, "सर, स्टड वेल्डिंगचं जॉबवर्क सुरू करायचंय, कुठलं मशीन घेऊ?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तुमचं गिऱ्हाईक कोण, आणि त्याचा पत्रा किती जाडीचा?

कारण नाव एक असलं, तरी यात दोन वेगळे धंदे आहेत.

पहिला, कपॅसिटर डिस्चार्ज, म्हणजे सीडी. साठवलेला करंट स्टडच्या टोकावरच्या बारीक टिपमधून एका झटक्यात जातो. 1 ते 3 मिलिसेकंदांत वेल्ड तयार! म्हणून 1 मिमीच्या पत्र्यालाही स्टड बसतो आणि मागे डाग जवळजवळ दिसत नाही. एम3 ते एम8 स्टड, इलेक्ट्रिकल पॅनल, स्टेनलेसचं किचन सामान अशी ही कामं. बहुतेक मशीन साध्या सिंगल फेजवर चालतात.

दुसरा, ड्रॉन आर्क. गन स्टड किंचित उचलते, आर्क पेटतो, धातू वितळतो आणि स्टड खाली दाबला जातो. वितळलेला धातू सिरॅमिक फेरूल धरून ठेवतं. पुलाच्या स्टील गर्डरवर काँक्रीट स्लॅब धरणारे 19 किंवा 22 मिमीचे शिअर स्टड असेच लागतात. इथे प्लेट स्टडच्या व्यासाच्या निदान पाव पट जाड हवी आणि थ्री फेज सप्लाय हवा.

काहीजण म्हणतात, मोठं काम म्हणजे मोठा पैसा, सरळ ड्रॉन आर्कच घ्या. मला हे पटत नाही. तिथे साइट, जनरेटर, कॉन्ट्रॅक्टरचं उशिरा येणारं पेमेंट, सगळं आलं. पहिल्या वर्षी एवढं भांडवल अडकवून ठेवणं नवीन माणसाला परवडत नाही. भोसरी, सातपूर, वाळूजसारख्या एमआयडीसीत पॅनल आणि शीट मेटलवाले भरपूर आहेत. सुरुवात सीडीने करा.

पण एक लक्षात ठेवा, रेट पाडून ऑर्डर घेऊ नका. एका स्टडमागे तुम्हाला मिळणार थोडेच रुपये. पावडर कोटिंग झालेल्या पॅनलमधला एक अर्थिंग स्टड साइटवर निखळला, तर अख्खं पॅनल परत येतं, आणि पाठोपाठ गिऱ्हाईकही जातं.

म्हणून टेस्टिंग विका. रोज काम सुरू करताना त्याच पत्र्याच्या तुकड्यावर दोन-चार स्टड मारा आणि पाइप घालून 30 अंश वाकवा. स्टड वाकला तर चालेल, वेल्ड तुटता कामा नये. तुटला तर सेटिंग बदला. पत्र्यावर गंज, तेल, रंग नको. अर्थ क्लॅम्प दोन्ही बाजूंनी लावा. व्होल्टेज आणि स्टडचा लॉट वहीत लिहा, आणि त्या पानाचा फोटो बिलासोबत पाठवा. रेट सगळेच सांगतात, असा फोटो कितीजण पाठवतात?

आता मशीनचं. डीलरकडे डेमोला जाताना गिऱ्हाइकाचाच पत्रा आणि ड्रॉइंग घेऊन जा. तिथेच स्टड मारून, वाकवून बघा. डीलर त्याच्या पत्र्यावर दाखवेल ते सुंदरच दिसणार! पण लोनचा हप्ता तुम्हाला गिऱ्हाइकाच्या पत्र्यावर फेडायचा आहे.