तासाचा भाव

"तुझ्या तासाला ऐंशी डॉलर धर. दोनशे साठ तास गेले म्हणतोस. म्हणजे झाले वीस हजार आठशे. सामान वेगळंच. आणि शेवटी हातात काय, तर चाकांवरचं खोकं!"

गेल्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला जमलो होतो, तेव्हा त्याने फोनवर बोटं नाचवत मांडलेला हा हिशेब. सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर नाही. म्हणून हे.

खोकं म्हणजे माझा टियरड्रॉप. माहीत नसेल त्यांच्यासाठी: कारमागे ओढायचा चिमुकला ट्रेलर, बाजूने पाहिला तर थेंबासारखा, पुढे गोल आणि मागे उतरता. आत दोघांपुरती गादी, बास. उभं राहता येत नाही. मागचं झाकण उचललं की ओटा. स्वयंपाक बाहेर उभं राहूनच करायचा (आणि ते बरंच आहे, बंद खोक्यात शेगडी पेटवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइडमुळे सकाळी उठायची कटकटच नको). अमेरिकेत हे प्रकरण १९३० च्या दशकापासून आहे. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने घरी बनवण्यासाठी त्याचे नकाशे छापले आणि लोकांनी गॅरेजात ठोकाठोक सुरू केली. साधारण माप चार फूट रुंद, आठ फूट लांब, चार फूट उंच. का? तर प्लायवूड आठ बाय चारचं मिळतं. एका शीटमधून एक बाजू निघते. संपलं डिझाइन! आम्ही ऑफिसात तीन महिने रिक्वायरमेंट्सवर भांडतो, इथे दुकानातल्या शीटनेच सगळं ठरवून टाकलंय.

आता हिशेबाकडे. माझ्या शनिवारच्या तासाला ऐंशी डॉलर देतो कोण? मी पगारी माणूस. शनिवारी काम केलं तर मॅनेजर 'थँक्स टीम' अशी मेल पाठवतो, पैसे पाठवत नाही. बरं, बाहेर कुठे विकावेत म्हटलं तर मी एच-१बी वर. ज्या कंपनीने व्हिसा काढला ती सोडून दुसऱ्याचं एक तासाचं पगारी काम केलं तरी बेकायदा. म्हणजे माझ्या शनिवारचा बाजारभाव शून्य. भारत सरकार, अमेरिकन सरकार आणि माझा मॅनेजर, तिघांचं यावर एकमत व्हावं.

आणि हाच मित्र आयपीएलच्या मोसमात पहाटे उठून आख्ख्या मॅचेस बघतो. त्याचं बिल कधी फाडलं? मी फाडलं नाही, त्यानेही नाही. मग तासाचा भाव फक्त हातात करवत आली की का आठवतो?

माझं उत्तर सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. हा हिशेब पैशांचा नाहीच. 'हे आपलं काम नाही' असं आपण जे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, त्यालाच आता स्प्रेडशीटचा सदरा चढवलाय. माझ्या वडिलांनी निदान आडपडदा ठेवला नाही. फोनवर म्हणाले, "इंजिनियर होऊन शेवटी सुतारकी?" त्यातला 'शेवटी' ऐका. आमच्या गावात सुतार होता, बलुतेदार. नांगर, पाभर, गाडी सगळं त्याच्या हातचं, आणि सुगीला खळ्यावरचं धान्य त्याचं बलुतं. त्याच्याशिवाय आमची शेती एक हंगाम चालली नसती. तरी तो ओसरीच्या आत आलेला मला आठवत नाही. याला जात म्हणतात. आणि आपण खंडेनवमीला लॅपटॉपवर हळदकुंकू वाहतो. किर्लोस्करांचं नाव मराठी उद्योजक म्हणून छाती फुगवून घेतो, पण त्या लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं होतं आणि त्यांचे हात तेलकट होते, हे सोयीने विसरतो.

असो. हात वापरला की काय कळतं ते सांगतो.

छपरासाठी पातळ प्लाय वाकवायचा होता. यूट्यूबवर तो लोण्यासारखा वाकतो. माझा काडकन मोडला. वरच्या थराचे रेषे ट्रेलरच्या लांबीला धरून ठेवले होते, ते आडवे हवे होते. चाळीस डॉलर आणि एक रविवार गेला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पहिल्यांदा हायवेवर काढला आणि पंचावन्न मैलांच्या वेगाला ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागला. बायको शेजारी. तिने काही बोलणं थांबवलं, यावरून काय ते समजा. तसाच हळूहळू घरी आणला आणि बाथरूममधला वजनकाटा पुढच्या दांड्याखाली ठेवला. एकूण वजन हजार पौंड, दांड्यावर फक्त सत्तर. तिथे दहा ते पंधरा टक्के भार हवा असतो. मी पाणी, बर्फाची पेटी, बॅटरी सगळं मागच्या ओट्यात कोंबलं होतं. बॅटरी पुढे दांड्यावर नेली, काटा एकशे पंचवीसवर आला, डोलणं बंद.

हे वडिलांना सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे गाडी उलाळ झाली होती तुझी." बैलगाडीत मागे भार जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं. दोन दिवस इंग्रजीत वाचून जे मला कळलं, त्याला आमच्या गाडीवानाकडे एक शब्द तयार होता. पुढे अर्धा तास ते आख कुठे बसवायचा यावर बोलत होते. सुतारकीचा विषय परत निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी काय ट्रेलर बांधायचे? नाही हो. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर कुठे बांधणार? कुणाला आवड नसते, कुणाची कंबर धरते. 'मला नाही करायचं' हे ठणठणीत कारण आहे, तेवढंच सांगा. आणि मी काही सुतार झालो नाही. तयार ट्रेलर साडेबारा हजारांचा होता, माझा तीन हजार शंभरात झाला. पण मागचं झाकण अर्धा इंच वाकडं बसलंय आणि केप लुकआउटच्या पावसात ओट्यावर पाणी आलं. माझ्या हौसेला पगाराचं कुशन आहे, गावच्या सुताराला नव्हतं. त्याचा मुलगा धंदा सोडून कधीच मुंबईला गेला.

ते वाकडं झाकण बघताना एक गोष्ट सारखी डोक्यात येते. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या फ्लॅटचं फर्निचर केलं, तेव्हा एका ड्रॉवरला दोन मिलिमीटरची फट होती म्हणून मी सुताराच्या बिलातले आठ हजार कापले. "एवढं काय अवघड आहे त्यात?" असंही म्हणालो होतो. तो काही बोलला नाही, पैसे मोजून गेला. ती फट सागाच्या दारांतली, हाताने जुळवलेली होती. डिसेंबरात पुण्याला जातोय, आठ हजार घेऊन. नंबर फोनमध्ये आहे, पण नाव शोधायला गेलो तर सापडेना. मी तो 'कारपेंटर २' म्हणून सेव्ह केला होता.