विषाचा प्रश्न आणि दात्यांचा पैसा

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. घाटंजी, आर्णी, केळापूर या कापूसपट्ट्यातील तालुक्यांत त्या हंगामाची आठवण अद्याप पुसलेली नाही. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली. पुढे हातमोजे, तोंडपट्ट्या आणि चष्मे यांचे वाटप सुरू झाले. भाद्रपदाच्या उन्हात अंगभर रबरी कपडे चढवून पाठीवर पंप घेऊन छातीइतक्या कपाशीत दिवसभर कोण चालू शकेल, हा विचार वाटप करणाऱ्यांना सुचला नसावा. शेतमजुराने काय घालावे हे सांगणारे पुष्कळ निघाले. ते विष बाजारात असावे काय, हे विचारणारे फार थोडे होते.

त्या थोड्यांनी जे केले ते कार्यकर्त्यांनी नीट पाहण्याजोगे आहे. सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमधील राष्ट्रीय संपर्क कार्यालयाकडे सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. मुद्दा डायफेन्थियुरॉन या द्रव्यापासून बनलेल्या कीटकनाशकाचा होता. खुद्द स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या वापराला परवानगी उरलेली नव्हती, आणि त्यावर विशिष्ट उतारा नाही. कंपनीने जबाबदारी नाकारली. तक्रारीमागे जिल्ह्यातील विषबाधितांची संघटना, ‘पॅन इंडिया’, बर्लिनचे एक मानवाधिकार केंद्र आणि ‘पब्लिक आय’ ही स्विस संस्था होती. ऑक्टोबर 2020 मध्ये स्विस सरकारने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात 1 जानेवारी 2021 पासून बंद करण्याचे ठरवले. हे एका तक्रारीचे फळ खचितच नव्हे. निर्यातीची कागदपत्रे शोधून काढण्याचे अनेक वर्षांचे काम त्यामागे होते.

हे काम कोणाच्या पैशावर झाले, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. ‘पब्लिक आय’ 1968 च्या ‘बर्न जाहीरनाम्या’तून जन्मली आणि मुख्यतः हजारो सदस्यांच्या वर्गणीवर चालते. बलाढ्य कंपनीशी पाच-सात वर्षे झुंज देताना तिला दरवर्षी कोणा दात्यापुढे ‘लाभार्थी किती’ याचा तक्ता मांडावा लागत नाही. घाटंजीसारख्या तालुक्यातील संस्थेची स्थिती नेमकी उलट असते. तिला पैसा मिळतो तो एका प्रकल्पासाठी, एका वर्षासाठी, मोजता येईल अशा वस्तूसाठी. शेततळे मोजता येते, सुरक्षा संच मोजता येतो. कोलाम पाड्यावरील कोणत्या मजुराने कोणत्या दुकानातून कोणते मिश्रण आणले आणि किती दिवसांनी त्याची दृष्टी मंदावली, याची नोंद तीन हंगाम ठेवणाऱ्या माणसाचा पगार कोणत्याच रकान्यात बसत नाही. कंपनी कायदा 2013 मधील दोन टक्क्यांच्या सामाजिक दायित्वाचा ओघ तर बहुतांशी याच मोजणीच्या वाटेने वाहतो. आणि कीटकनाशकांवर निर्बंध मागणाऱ्या संस्थेला उद्योगपतींचे संचालक मंडळ पैसा देईल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

परदेशी देणग्यांची वाट याहून अरुंद. विदेशी अंशदानाचा पहिला कायदा 1976 चा, म्हणजे आणीबाणीतला. त्याचा हेतू समाजवाद्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘इन्साफ’ प्रकरणात स्पष्ट केले की, लोकहितासाठी बंद वा धरणे यांचा आधार घेतला एवढ्यावरून एखादी संघटना राजकीय ठरत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संसदेने दुरुस्ती करून एका संस्थेने विदेशी अंशदान दुसरीकडे वळते करण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या छोट्या संस्थेकडे झिरपणारा पैसा त्यामुळे आटला. शिवाय धोरणाच्या कामात माणसे, प्रवास, वकील आणि कागद हाच खर्च असतो. त्याला ‘प्रशासकीय’ म्हणून कात्री लावली की कामच उरत नाही.

मग दात्यांच्या पैशाला हातच लावू नये काय? चळवळीत असे म्हणणारे आहेत आणि त्यांचा संशय निराधार नाही. तथापि दांडेकर-रथ यांचा 1971 चा ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने झाला होता, हेही विसरता येत नाही. ग्रामीण गरिबाला सार्वजनिक कामांवर रोजगाराची हमी द्यावी, ही त्याची शिफारस कोणा दात्याची मर्जी राखण्यासाठी केलेली नव्हती. अभ्यासकाला निष्कर्षाचे स्वातंत्र्य होते, म्हणून तो अभ्यास कामाचा ठरला. दुसरे उदाहरण गडचिरोलीच्या ‘सर्च’चे. तिच्या घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याच्या प्रयोगालाही प्रतिष्ठानांचे पैसे होते. 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि 2011 मध्ये ती पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात गेली. मधली बारा वर्षे धीर धरणारा दाता विरळा.

प्रामाणिक प्रतिष्ठानाने म्हणूनच वस्तूंऐवजी वर्षे द्यावीत. पाच वर्षांचा, अटींनी न बांधलेला पैसा द्यावा. मागणी काय असावी हे विषबाधितांच्या संघटनेने ठरवावे, विश्वस्तांनी नव्हे. आणि कंपनीची नोटीस आली की अनुदान घेणाऱ्याला एकटे सोडून मागच्या दाराने निघून जाऊ नये. संघटनेनेही गावातून थोडी का होईना वर्गणी गोळा करीत राहावे. कारण दाता गेल्यावर उभे राहायला तेवढीच जमीन असते.

सप्टेंबर 2023 च्या आदेशाने केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉस 36 एसएलवर बंदी आणली. मे 2020 च्या मसुद्यात 27 कीटकनाशके बंद करण्याचा प्रस्ताव होता. त्यातील बहुतेक या बंदीतून सुटली. 1968 च्या कीटकनाशक कायद्याची जागा घेण्यासाठी 2020 साली राज्यसभेत मांडलेल्या विधेयकात तर बाधित मजुराच्या भरपाईची तरतूद फार तोकडी होती. त्या तरतुदीवर आकडेवारीनिशी बोलायचे तर तालुक्यातील रुग्णालयांत दर खरिपात आलेल्या विषबाधितांची, द्रव्याच्या नावासह, नोंद हाताशी हवी. ती ठेवायला एक कारकून आणि एक दुचाकी पुरे.