आधी पाणी भरायचं

"दिवाळी अंकात कुंग फू?" हा प्रश्न गेल्या चार महिन्यांत इतक्यांदा ऐकला की शेवटी शेवटी आम्ही नुसतं हसायला लागलो. आमच्या एका जुन्या जाहिरातदारांनी मुखपृष्ठाचा कच्चा नमुना पाहून हात जोडले, "निदान कोपऱ्यात एक आकाशकंदील तरी टाका." टाकलाय. मठाच्या पायऱ्यांवर, डावीकडे. शोधा.

जुने कुंग फू चित्रपट, ऐतिहासिक चित्रपट आणि चित्रकारांवरचे माहितीपट ही भेळ जमली कशी, हे सांगायचं तर ऐंशीच्या दशकातल्या कोल्हापुरात जावं लागेल. आमच्या पेठेतल्या एका बोळात पत्र्याखाली सतरंजी अंथरून व्हिडिओ दाखवायचे. तिथे एका संध्याकाळी 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' लागला होता. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा, १९७८ सालचा. कॅसेट इतकी झिजलेली की पडद्यावर सतत पाऊस. शेजारच्या तालमीतले वस्ताद आम्हा पोरांना हाकलून न्यायला आले आणि स्वतःच पुढच्या रांगेत मांडी घालून बसले.

गोष्ट साधी आहे. मांचू राजवटीच्या जुलमातून निसटलेला एक विद्यार्थी शाओलिन मठात येतो. त्याला सूड घ्यायचाय, तोही लवकर. मठात शिकवण्याचे पस्तीस कक्ष. हा घाईघाईनं थेट सगळ्यात वरच्या कक्षात शिरतो आणि तिथून उताणा बाहेर येतो. मग तळापासून सुरुवात. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडांच्या मोळीवर पाय देऊन पलीकडे जाता आलं तर नीट जेवण. नाहीतर आधी आंघोळ. पुढे दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडांना पाती बांधलेली. हात ढिला पडला की पातं बरगडीत. वस्ताद मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा! आधी पाणी भरायला लावलं. आमच्यात बी तेच." शेवटी खलनायकाशी झुंज सुरू झाली तेव्हा आम्ही पोरं ओरडायला लागलो आणि वस्ताद धोतर झटकत उठले. "आता काय, नुसती मारामारीच," म्हणाले आणि गेले.

तेव्हा आम्हाला ते वेडे वाटले. आज हा अंक त्यांच्याच बाजूचा आहे.

त्या चित्रपटाचे दिग्दर्शक लाऊ कार-लियुंग. आपल्याकडे गवयांचं घराणं सांगतात तसं त्यांचं सांगता येतं. दक्षिण चीनमधले विख्यात वाँग फेई-हुंग, त्यांचे शिष्य लाम साई-विंग, त्यांचे शिष्य लाऊ चाम आणि लाऊ चाम यांचा मुलगा हा. नायक गॉर्डन लिऊ त्यांचा मानलेला भाऊ. म्हणजे पडद्यावर जे चाललंय ते घरातलं आहे. म्हणूनच कॅमेरा लांब उभा राहतो, डोक्यापासून पावलापर्यंत अख्खा माणूस दाखवतो आणि घाई करत नाही. ज्याला येतं त्याचं झाकायचं कशाला? हल्ली एका ठोशाचे तीन तुकडे करून दाखवतात, आणि तिन्हींत ठोसा सापडत नाही.

हीच गंमत आंरी-जॉर्ज क्लूझो यांच्या 'द मिस्टरी ऑफ पिकासो'त आहे. १९५६ सालचा हा माहितीपट. शाई आरपार झिरपेल अशा कागदावर पिकासो एका बाजूनं काढतो, कॅमेरा दुसऱ्या बाजूनं बघतो. हात दिसत नाही, फक्त रेघ चालत येते. कॅमेऱ्यामागे क्लोद रेन्वार, म्हणजे चित्रकार ऑग्युस्त रेन्वार यांचा नातू. इथेही घराणं आलंच. फुलांचा मासा होतो, माशाची कोंबडी होते आणि कोंबडीत एक चेहरा दडून बसतो. पुढे एक मोठं चित्र बिघडतं. बिघडलंय हे पिकासोला कळतं, आणि तो ते खोडत, झाकत, पुन्हा मांडत राहतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रकाराला असं चाचपडताना बघणं मला तरी कुठल्याही द्वंद्वयुद्धापेक्षा जास्त रंगतदार वाटतं. सत्यजित राय यांनी आपले शांतिनिकेतनातले गुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर १९७२ साली 'द इनर आय' केला. दृष्टी गेल्यावरही काम न थांबवलेल्या चित्रकारावरची ही जेमतेम वीस मिनिटं. त्यावरचा लेख आवर्जून वाचा.

ऐतिहासिक विभाग सगळ्यात बारीक झालाय. दोष आमचा नाही. घोडे, घोषणा आणि धूळ यांपलीकडे गेलेले चित्रपट मोजकेच. अकिरा कुरोसावा मूळचे चित्रकार व्हायला निघालेले. 'रान'साठी पैसे जमत नव्हते ती वर्षं त्यांनी त्याची दृश्यं रंगवण्यात घालवली. १९८५ मध्ये, पंचाहत्तरीत, तो पूर्ण झाला आणि एमी वादा यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. आणि आमच्या गावचे बाबूराव पेंटर तर आडनावाच्या जागीच कुंचला घेऊन वावरले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता या माणसानं कॅमेरा घरी जुळवला आणि १९२३ साली 'सिंहगड' केला. कोल्हापूरकर म्हणून थोडं जास्त लिहिलं गेलंय, सांभाळून घ्या.

राहिला किंग हू यांचा 'अ टच ऑफ झेन'. १९७१ चा, मिंग काळातला, तीन तासांचा. या अंकाचे तिन्ही विभाग एकट्यानं पेलेल असा. नायक बाजारात दुकान मांडून लोकांची चित्रं आणि पत्रं करून देणारा गरीब पंडित. आई लग्नासाठी मागे लागलेली. बांबूच्या बनातली झुंज मात्र किंग हू यांनी क्षणाक्षणाच्या तुकड्यांत कापलीय. वर मी तुकड्यांविरुद्ध जे लिहिलं ते इथे साफ कोसळतं. कोसळू दे, संपादकीय आहे, शाओलिनचा मठ नव्हे. १९७५ साली कान महोत्सवात त्याला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला.

भाऊबिजेच्या दुपारी, जेवणं आटोपल्यावर, घरातल्या सगळ्यांना बसवून तो लावा. पहिला जवळजवळ तासभर कुणी कुणाला मारत नाही. पोरं कुरकुरतील. चिवड्याचा डबा फिरवा, पण चित्रपट पुढे पळवू नका.



– संपादक