इंग्रजी उतारा आणि आमची उतावळ

बारावीचा शेवटचा पेपर संपतो न संपतो तोच आमच्या समाजातील मुलामुलींच्या हातांत इंग्रजी उताऱ्यांचे गठ्ठे पडू लागतात. विद्यापीठांची जी सामायिक प्रवेशपरीक्षा सर्वत्र सीयूईटी या आद्याक्षरांनी ओळखली जाते, ती २०२२ साली सुरू झाली. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी बारावीच्या गुणांवर मिळणारा प्रवेश तेव्हापासून या परीक्षेच्या गुणांवर मिळू लागला, आणि गोव्यात काय, बेळगावात काय, इंदूर-हैदराबादेत काय, मराठी-कोंकणी घरांतून 'मुलाचे इंग्रजी आकलन कच्चे आहे' हा एकच सूर निघू लागला. त्या सुराला साथ देण्यास शिकवणीवर्ग टपलेलेच होते. देवस्थानांनीही हात आखडता घेतला नाही. कोठे अग्रशाळा, कोठे सभागृह, असे या वर्गांसाठी मोकळे होऊ लागले. जागा दिली याबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. विद्येला जागा द्यावयाची नाही, तर देवळाने ती द्यावयाची तरी कोणाला? आमची तक्रार त्या जागेत चालणाऱ्या शिकवणीविषयी आहे, आणि ती आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. तेथे मुलांस वाचावयास शिकविले जात नाही. न वाचता निभावून नेण्यास शिकविले जाते.

ही विद्या कशी असते ते एकदा पाहण्यासारखे आहे. आधी प्रश्न वाचावा, उतारा नव्हे. प्रश्नातला ठळक शब्द हेरावा. मग पोलिसाने संशयिताचा माग काढावा तसा तो शब्द उताऱ्यात धुंडाळावा. सापडला की मागचे एक आणि पुढचे एक वाक्य चाळावे; ज्या पर्यायात तेच शब्द आढळतील त्यावर खूण करावी आणि पुढे चालावे. सबंध उतारा वाचणे हा वेळेचा अपव्यय, असे मुलांच्या मनावर बिंबविले जाते. यामागे भीती आहे ती घड्याळाची, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२५ पासून या परीक्षेच्या प्रत्येक पेपरात ५० प्रश्न, ते सर्व सोडविणे अनिवार्य, आणि वेळ ६० मिनिटे. बरोबर उत्तरास ५ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. एका प्रश्नास ७२ सेकंद! आईबाप घाबरतात ते उगाच नव्हे. परंतु पानभर मजकूर सरळ वाचून काढण्याइतका वेळही आपल्या मुलापाशी नाही, असे मानून जे उपाय योजले जातात ते रोगाहून घातक आहेत.

एक उतारा कल्पून पाहू. विषय गोव्यातील खाजण शेतीचा. आरंभी लेखक म्हणतो की, बांध घालून खारे पाणी अडविले म्हणजे खाजण शेती सुरक्षित झाली, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. या समजुतीच्या पुष्टीसाठी तो दोन-तीन वाक्येही खर्च करतो. दुसरा परिच्छेद 'हाउएव्हर' या शब्दाने सुरू होतो. आता तो सांगतो की, बांध उभा असला तरी भरती-ओहोटीबरोबर उघडमीट करणारी मानशीची दारे धड नसतील, त्यांची निगा राखणारी गावकऱ्यांची व्यवस्था मोडली असेल, तर शेत खारावल्यावाचून राहत नाही. आणि शेवटी, शेती राखावयाची तर आधी ती व्यवस्था राखा, असे सुचवून तो थांबतो. खाली प्रश्न : लेखकाचे मत कोणते? पहिलाच पर्याय असतो, 'बांध घातल्याने खाजण शेती सुरक्षित राहते.' त्यातील प्रत्येक शब्द उताऱ्यात आहे! शब्दांचा माग काढण्यात तरबेज झालेला मुलगा तेथेच खूण करतो आणि फसतो. लेखकाने खोडून काढण्यासाठी जे मांडले तेच त्याने लेखकाच्या पदरात बांधले. पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजला. पाठशाळेत शास्त्रीबुवांपुढे बसून कोणी असे उत्तर दिले असते, तर त्याचा कान लाल झाल्यावाचून राहता ना.

आणि पूर्वपक्ष हा शब्द आम्ही येथे अलंकारासाठी आणलेला नाही. एखाद्या प्रकरणाचे तात्पर्य कसे ठरवावे, हा प्रश्न आमच्या मीमांसकांनी शेकडो वर्षे घासूनपुसून पाहिला आणि त्याच्या खुणा निश्चित केल्या : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. सोप्या मराठीत सांगावयाचे तर, आरंभ आणि शेवट एकमेकांशी ताडून पाहा. कोणती गोष्ट लेखक पुनःपुन्हा सांगतो ते पाहा. त्याने नवीन काय सांगितले आणि त्यातून काय निष्पन्न व्हावे अशी त्याची इच्छा आहे ते पाहा. नुसती स्तुती किंवा निंदा कोणती आणि खरा युक्तिवाद कोणता, हे वेगळे करा. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त पहिल्याच प्रकरणी या कसोट्या वाचकांपुढे ठेवल्या आणि त्यांच्या आधारे गीतेचा अर्थ लावावयास घेतला. आता वरचा खाजणाचा उतारा याच कसोट्यांवर घासून पाहावा. शेवट मानशीच्या निगेवर आहे, पुनरुक्ती त्याच गोष्टीची आहे, नवी गोष्टही तीच आहे. बांधाची थोरवी हा नुसता प्रस्ताव ठरतो. तात्पर्य सापडण्यास वेळ किती लागला?

'उताऱ्यास योग्य शीर्षक निवडा' हा या परीक्षांचा दुसरा आवडता प्रश्न. त्यातील पर्याय चुकतात कसे, हेही नैय्यायिकांनी लक्षणाचे दोष सांगताना सांगून ठेवले आहे. 'भारतातील शेती' हे शीर्षक अतिव्याप्त, कारण त्यात उताऱ्याबाहेरचे रान माजते; 'मानशीच्या दारांचे लाकूड' हे अव्याप्त, कारण उताऱ्याचा एक कोपराच त्यात मावतो; आणि 'समुद्रातील मासेमारी' असंभव. ज्याला इंग्रजीत इन्फरन्स म्हणतात, म्हणजे शब्दांत न सांगितलेले परंतु सांगितलेल्यावरून मानावेच लागणारे, त्यासाठी तर पुष्ट देवदत्ताची गोष्ट आहेच. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे. तर मग तो रात्री जेवतो. तो रात्री लाडू जेवतो असे मात्र यावरून म्हणता येत नाही, आणि परीक्षकाने चौथ्या पर्यायात लाडू ठेवलेला असतोच.

येथे आमच्यातील एक वर्ग सुखावून माना डोलावू लागेल, की पाहा, आमच्याकडे सर्व काही होतेच. त्यांनी इतक्यात डोलू नये. अतिव्याप्ती हा शब्द पाठ केल्याने इंग्रजी वाक्य उलगडत नाही. इंग्रजीत मुख्य नामाच्या पाठीमागे विशेषणवाक्यांची शेपटे लागतात, क्रियापद मध्येच येऊन बसते, आणि 'जो-तो'च्या जोडीवर वाढलेल्या मराठी किंवा कोंकणी कानाला कर्ता कोण आणि कर्म कोण याचा पत्ता लागेनासा होतो. त्यास उपाय एकच : संस्कृत श्लोकाचा अन्वय लावतात तसा इंग्रजी वाक्याचा अन्वय लावावयाचा, रोज, मोठ्याने, अडलेला शब्द कोशात पाहून. वाडवडिलांच्या कीर्तीवर हे काम होत नाही. शिवाय, पोथीच्या बाबतीत तरी आम्ही काय करीत आलो? सात दिवसांत ग्रंथ आटोपणे ही उपासना म्हणून आम्हांस आदरणीय आहे. परंतु अध्याय संपल्यावर 'यात काय सांगितले?' असे घरातल्या मुलाने विचारले, तर त्याला गप्प बसविणारी घरे थोडी नाहीत. ज्या नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून पाहिले, अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी शब्द आणि अर्थ यांची फारकत इतक्या सहज सोसावी, याचे आम्हांस नवल वाटते.

दुसरा वर्ग याच्या उलट टोकाचा. देवळात इंग्रजी कशाला, असे त्याचे म्हणणे. त्याला आम्ही धर्मानंद कोसंबींचे स्मरण देतो. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या पुरुषापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. मराठीत वाचलेल्या बुद्धचरित्राने त्यांना वेध लावला. त्या ओढीने ते घराबाहेर पडले, संस्कृत शिकले, सिंहलद्वीपास जाऊन पाली शिकले, आणि १९१० साली 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. मायभाषेत वाचनाची गोडी लागली की पुढच्या भाषा त्या वाटेने येतात, हे त्यांच्या चरित्रात दिसते. प्रवेशपरीक्षेची रचनाही काही निराळे सांगत नाही. मराठीसह १३ भाषांचे पेपर तीत आहेत आणि त्या सर्वांस अभ्यासक्रमाची चौकट एकच. उतारा माहितीपर, कथनात्मक वा वाङ्मयीन असावा, एवढेच तीत सांगितले आहे. (२०२४ पर्यंत ३३ भाषांच्या यादीत कोंकणीही होती. २०२५ मध्ये ती यादी आखडली आणि कोंकणी गळाली. या गोष्टीबद्दल जेवढा गलबला व्हावयास हवा होता तेवढा आमच्या कानी आला नाही. इंग्रजीच्या चिंतेत बहुधा तो बुडाला.)

राहता राहिले शिकवणीवर्गांचे समर्थन. 'आमच्या युक्त्यांनी गुण मिळतात,' असे ते छातीवर हात ठेवून सांगतात. उत्तर ज्या प्रश्नात उघड्यावर पडलेले असते, एखादे वर्ष, एखादे नाव, तेथे ते मिळतातही. परंतु प्रवेश मिळाल्यानंतर काय? महाविद्यालयात पहिल्याच महिन्यात इतिहासाचे किंवा अर्थशास्त्राचे चारशे पानी पुस्तक हाती येते. त्याच्या खाली प्रश्न छापलेले नसतात, चार पर्याय नसतात, हेरावयास ठळक शब्द नसतो. ज्याने दोन वर्षे उताऱ्याला बगल देण्याचाच सराव केला, तो या पुस्तकापुढे एकटा बसतो तेव्हा त्याला पहिल्या प्रकरणाचाही शेवट गाठवत नाही. मग तो इतरांच्या टिपणांच्या मागे लागतो, आणि गावाकडून आलेल्या हुशार मुलाचे परमुलुखात काय बिनसले याचा उलगडा घरच्यांना कधीच होत नाही. शुल्क घेणारा वर्ग तोवर पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच शिकवीत असतो.

म्हणून देवस्थानांच्या महाजनांस आणि व्यवस्थापक समित्यांस आमचे सांगणे असे आहे. आपली जागा आहे. तिच्यात काय चालावे हे ठरविण्याचा अधिकारही आपला आहे. ही परीक्षा उन्हाळ्यात होते. तेव्हा विजयादशमीपासून चैत्रापर्यंत दर शनिवार-रविवार सायंआरतीपूर्वी एक तास मुलांस बसवावे. एक इंग्रजी पान एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने वाक्याचा अन्वय सांगावा, तिसऱ्याने त्याचे तात्पर्य आपल्या मराठीत अगर कोंकणीत तीन वाक्यांत मांडावे, आणि बाकीच्यांनी ते खोडून पाहावे. घड्याळ शेवटच्या दोन महिन्यांत लावावे, आधी नव्हे. पाने उत्तरपुस्तिकांतून न घेता सबंध पुस्तकांतून क्रमाने घ्यावीत, म्हणजे आजचे पान कालच्या पानाला जोडले जाईल. शिकविण्यास निवृत्त इंग्रजी शिक्षक बहुतेक गावांत एखादा तरी सापडतो. त्याच्या शेजारी पुराणिकबुवांनाही बसवावे, कारण पूर्वपक्ष कोठे संपला हे ओळखण्याचा डोळा पुष्कळदा त्यांचाच अधिक तयार असतो. खर्च म्हणाल तर एक फळा, दोन चांगले शब्दकोश आणि पंधरा-वीस पुस्तके. जत्रेच्या ध्वनिक्षेपकाचे भाडे याहून अधिक होते.