अडीच हजारांचा भत्ता आणि २६७ बळकावलेल्या खुर्च्या

१८ जुलै २०२३. छत्तीसगड विधानसभेचे पावसाळी अधिवेशन सुरू होत होते. त्याच दिवशी रायपूरमध्ये विधानसभेकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनुसूचित जाती-जमातींचे काही तरुण अंगावरचे सगळे कपडे उतरवून धावले. मागणी एकच होती: खोटी जात प्रमाणपत्रे दाखवून आमच्या वाट्याच्या सरकारी नोकऱ्या बळकावणाऱ्यांना घरी पाठवा. पोलिसांनी २९ जणांना अटक केली. नंतर बहुतेक चर्चा झाली ती त्यांच्या नागडेपणाची. राज्याचा कारभार किती उघडा पडला, याची चर्चा फार थोड्यांनी केली.

त्याआधी साडेतीन महिने, १ एप्रिल २०२३ पासून, याच राज्यात बेरोजगारी भत्ता सुरू झाला होता. दरमहा २,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे. अर्जदार बारावी पास हवा होता, वय १८ ते ३५ हवे होते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे होते आणि रोजगार कार्यालयातली नोंदणी किमान दोन वर्षे जुनी हवी होती. सगळ्या अटी पुऱ्या करून दोन्ही वर्षे भत्ता मिळाला, तरी हाती येणार होते एकूण ६० हजार. हे पैसे कोणी नाकारावेत असे नव्हते. तो आपला हक्क होता. पण आपल्या बेरोजगारीचा दाखला बारकाईने तपासणाऱ्या सरकारला आपल्या जागेवर बसलेल्या माणसाचा दाखला तपासायला किती वर्षे लागतात, हे विचारायलाच हवे.

आकडे सरकारचेच आहेत. २००० ते २०२० या वीस वर्षांत राज्याच्या उच्चस्तरीय छाननी समितीकडे ७५८ प्रकरणे आली. त्यांपैकी ६५९ तपासली गेली आणि २६७ जणांची प्रमाणपत्रे खोटी निघाली. म्हणजे तपासलेल्या दर पाच प्रकरणांत दोन खोटी. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने आदेश काढला की अशा लोकांना महत्त्वाच्या पदांवरून दूर करा आणि कारवाई करा. अनेकांनी उच्च न्यायालयातून स्थगिती आणली. तरुण रस्त्यावर उतरले ते या आदेशानंतर पावणेतीन वर्षांनी. पावणेतीन वर्षांत पदवी पूर्ण होते. या राज्यात एक फाईल पूर्ण होत नाही.

कायदा नाही म्हणून हे घडले, असे कोणी सांगू नये. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच मार्ग आखून दिला होता. छाननी समितीने चौकशी शक्यतो रोजच्या रोज चालवून दोन महिन्यांत संपवावी, प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर तिथे तीन महिन्यांत निकाल व्हावा. छत्तीसगडने २०१३ मध्ये स्वतःचा जात प्रमाणीकरण कायदाही केला. दोन अधिक तीन म्हणजे पाच महिने. इथे पाच महिन्यांच्या हिशेबात माणसे बढत्या घेत निवृत्तीपर्यंत पोहोचतात.

आता याच व्यवस्थेचे दुसरे दार पाहा. खऱ्या अर्जदाराकडून इथे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जुन्या बंदोबस्ताची मिसल आणा, आजोबांच्या शाळेचा दाखला आणा. ज्यांना जमीन धारण करू दिली नाही, त्यांच्याकडे जमिनीचा कागद मागायचा. ज्यांना शाळेबाहेर ठेवले, त्यांच्याकडे शाळेचा दाखला मागायचा. वंचित ठेवल्याचा पुरावा म्हणून वंचितांना कधीच न मिळालेली वस्तू मागणे, याला प्रशासन ‘पडताळणी’ म्हणते. कागद नसतील तर ग्रामसभेचा ठराव ग्राह्य धरावा अशी सोय नियमांत आहे. पण ती अर्जदाराला खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही.

रायपूर, भिलाई, राजनांदगावच्या मराठी बौद्ध घरांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. भंडारा-नागपूरकडची माणसे रेल्वे, गिरणी आणि पोलाद कारखान्याच्या कामासाठी इकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्यांच्या सीमा नंतर बदलल्या. आता नातवंडांना विचारले जाते, तुम्ही इथले की तिथले? अनुसूचित जातीचा दर्जा राज्यापुरताच, हे सर्वोच्च न्यायालयाने बीर सिंग प्रकरणात २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. स्थानिक सतनामी वा गांडा समाजाच्या वाट्यावर बाहेरच्यांनी हात मारू नये, हा त्यामागचा विचार मान्य. पण मग हीच काटेकोर नजर बनावट दाखल्याकडे वळते तेव्हा अधू का होते?

एका मात्रेची किंमत काय असते तेही पाहा. महार, मेहरा, मेहर ही नावे छत्तीसगडच्या यादीत होती. महारा आणि महरा नव्हती. तेवढ्या फरकापायी लोक सवलतींबाहेर राहिले. ती दोन नावे यादीत घालण्यासाठी संसदेला २०२३ मध्ये दुरुस्ती करावी लागली. खऱ्या माणसाची एक मात्रा चुकली तर संसद लागते. खोट्या माणसाचा अख्खा दाखला चुकला तर एक स्थगिती पुरते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून हळहळण्याची गरज नाही. आपल्याकडे जात वैधतेचा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत निकाल दिला की, दावा अवैध ठरला तर नोकरी आणि लाभ दोन्ही जातील. त्यावर आपल्या सरकारने काय केले? २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर सामावून घेतले. जागा आदिवासींची होती हे मान्य, पण माणूस दुखवायचा नाही! रायपूरने फाईल दाबली, मुंबईने फाईलला नवे नाव दिले.

युक्तिवाद ठरलेला असतो: वीस वर्षे सेवा केली, मुलेबाळे आहेत, माणुसकी दाखवा. माणुसकी जरूर दाखवावी, पण मग ती पूर्ण दाखवा. त्या जागेवर यायला हवा होता तो माणूसही वीस वर्षे कुठेतरी जगलाच ना? त्याचीही मुले होती. आपल्यासारख्यांच्या घरात पहिली सरकारी नोकरी म्हणजे धाकट्या बहिणीची फी, सावकाराकडचे सुटलेले घर आणि पुढच्या पिढीला मिळालेली अभ्यासाची खोली. एक जागा चोरली की एका घराची पंचवीस वर्षे चोरली जातात. ती परत करणारे अधिसंख्य पद अजून कोणी काढलेले नाही.

राज्यात डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले. प्रश्न पक्षाचा नाही, म्हणून मागण्याही कुठल्याच पक्षाच्या सोयीच्या नाहीत. खोट्या ठरलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची विभागवार यादी जाहीर करा: कोणाला काढले, कोणाला स्थगिती आहे, स्थगिती उठवायला सरकारने शेवटचा अर्ज कधी केला. रिकामी झालेली प्रत्येक जागा त्याच प्रवर्गातून विशेष भरतीने भरा. घेतलेला लाभ वसूल करा आणि दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवा. खोटा दाखला एकट्याने तयार होत नाही. आणि ग्रामसभेच्या ठरावाची सोय प्रत्येक तहसील कार्यालयात फलकावर लावा.

आपण पदवीधर झालो ते फक्त अर्ज भरण्यासाठी नाही. माहिती अधिकाराचा अर्जही भरा. आपल्या जिल्ह्यातल्या एकेका विभागाची बिंदुनामावली मागवा, राखीव जागेवर कोण आहे आणि त्याचा दाखला कधी तपासला ते विचारा. वस्तीतल्या पाच जणांनी पाच विभाग वाटून घ्यावेत. आपल्या आजोबांचा १९५० चा कागद त्यांनी मागितला. आता त्यांच्या खुर्चीचा कागद आपण मागू.