सही करण्याआधी

आमच्या वलगावची ओळख सांगायची झाली तर आम्ही पेढी नदीचा पूल सांगतो. या पुलाजवळच 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जेमतेम चौदा दिवस झाले होते. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार हे एक सूत्र आहे आणि बेकारांना रोजगार हे दुसरे. आपण मात्र अपंग माणसाला पहिल्या सूत्रात बसवले आणि दुसऱ्यातून वगळले. त्याला औषध द्यावे, भाकर द्यावी, हे सर्वांना पटते. पण कामाचा विषय निघाला की ‘त्याच्यानं आता काय होते?’ असे म्हणून घरचेच मोकळे होतात.

हा विषय काढण्यास आमची स्वतःची एक चूक कारण आहे. ती वाचकांपुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

गोष्ट 2009 सालची. आम्ही नोकरीत नवीनच होतो. बी. कॉम. झालेलो, अक्षर बरे, म्हणून वस्तीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की आमच्याकडे येत. शेजारचे एक काका एका निमसरकारी कार्यालयात वाहनचालक होते. साखरेच्या आजाराने पायाची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. कार्यालयातून तोंडी निरोप आला की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या. काका आम्हाला म्हणाले, “बाबू, पाय गेला तं गाडी गेली, अन् गाडी गेली तं नोकरी गेलीच समज. दे लिहून.” आम्ही दिला लिहून. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने’ हे शब्द आमचेच. काकांची बारा वर्षांची नोकरी शिल्लक होती. पुढे काकू दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाऊ लागल्या आणि मोठ्या मुलाचे शिक्षण बारावीवरच थांबले.

आम्ही तो अर्ज लिहिला तेव्हा अपंग व्यक्तींचा 1995 चा कायदा अंमलात येऊन तेरा वर्षे झाली होती. त्याच्या 47 व्या कलमात स्पष्ट लिहिले होते की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. कुणाल सिंग नावाच्या जवानाचा डावा पाय कापावा लागला आणि त्याला सेवेतून कमी करण्यात आले, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2003 साली न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालालाही सहा वर्षे होऊन गेली होती. कायदा होता, निकाल होता, आणि आम्ही पदवीधर कारकून असून आम्हाला दोन्हींचा पत्ता नव्हता. पुढे कळल्यावर आम्ही काकांपुढे कबूल केले. ते इतकेच म्हणाले, “तुले तरी काय माहीत होतं, बाबू!” त्यांनी रागावून घेतले असते तर बरे झाले असते.

आता 1995 च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याने घेतली आहे. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. याचे कलम 20, पोटकलम 4 प्रत्येक नोकरदाराच्या घरी लिहून ठेवावे असे आहे. सेवेत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचे असते. कोणतेच पद जुळत नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, जादा पद निर्माण करून त्यावर ठेवण्याची तरतूद आहे. अपघात कामावरच झालेला असावा, अशी अट त्यात नाही. साखरेने गेलेला पायसुद्धा त्यात बसतो. नगरपालिका, जिल्हा परिषद, सरकारी महामंडळे आणि अनुदानित संस्थाही ‘सरकारी आस्थापना’ या शब्दात येतात.

गेल्या वर्षी असाच एक सफाई कामगार भाऊ आमच्याकडे आला. एका डोळ्याची दृष्टी गेलेली, दुसऱ्यानेही अंधुक दिसते. सोबत कोरा कागद घेऊन आला होता. वरिष्ठांनी सांगितले होते की राजीनामा द्या, मुलाचे पुढे पाहू. आम्ही त्याला म्हटले, “भाऊ, आधी इर्विनमध्ये जाऊन प्रमाणपत्र काढू. अर्ज लिहू, पण राजीनाम्याचा नाही.” प्रमाणपत्र मिळाल्यावर कलम 20 चा उल्लेख करून पद बदलून मिळण्याचा अर्ज केला, तो आवक विभागात देऊन पोच घेतली, आणि एक प्रत कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दिली. असा अधिकारी नेमणे कलम 23 नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेवर बंधनकारक आहे. पाच महिने आणि सात खेपा लागल्या. आज तो भाऊ त्याच पगारात भांडारात साहित्य देण्या-घेण्याच्या कामावर आहे. मुलगी त्याची नोंदवही मोठ्या अक्षरांत आखून देते.

ज्यांना नोकरी लागायची आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा राखीव आहेत. 1995 च्या कायद्यात त्या 3 टक्के होत्या. हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे अनुसूचित जातीचा दिव्यांग उमेदवार निवडला गेला तर तो अनुसूचित जातीच्या जागेत मोजला जातो. एका दाखल्याने दुसरा बाद होत नाही, म्हणून दोन्ही जोडावेत. दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातलीच. अचलपूर तालुक्यातील वझ्झरच्या बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी वाढवलेली माला पापळकर ही जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली अंध बालिका. अमरावतीत शिकून 2024 मध्ये ती लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ज्या मुलीला आईबापाचे नाव नव्हते ती कारकून होऊ शकते, तर आपल्या घरातले लेकरू पाहुणे आले की आतल्या खोलीत का बसावे?

खाजगी कामावर असलेल्यांना कलम 20 चे हे संरक्षण नाही, हे खरे. पण जिनिंगमध्ये किंवा कारखान्यात हात-पाय गमावलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विम्यातून अपंगत्वाचा लाभ मिळतो. कायमचे अपंगत्व असेल तर तो कायम मिळतो. विमा लागू नसेल तर मालकाकडून भरपाई मागता येते. या विम्याची पायाभरणी बाबासाहेब मजूर मंत्री असताना 1943-44 मध्ये अदारकर यांच्या अहवालाने झाली. पुढे संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदात बेकारी, म्हातारपण, आजार यांच्या जोडीला अपंगत्वाचाही उल्लेख आला, आणि अशा वेळी राज्याने साहाय्य करावे असे लिहिले गेले. तेव्हा हे मागणे म्हणजे भीक नव्हे.

नोकरदारांनी आणखी एक पाहावे. 40 टक्के किंवा अधिक कायम अपंगत्व असलेल्यांना व्यवसाय कर माफ आहे. अपंग मुलाच्या आईवडिलांनाही ती सूट आहे. पगारपत्रक काढून बघा, कपात चालू असेल तर प्रमाणपत्र जोडून आस्थापना शाखेत अर्ज द्या.

वाचक बंधू-भगिनींनो, या सर्वांची सुरुवात प्रमाणपत्रापासून होते. घरातल्या माणसाचे अजून काढले नसेल तर या आठवड्यात काढायला घ्या. आणि नोकरीवरच्या माणसावर असा प्रसंग आला, समोर कोणी छापील कागद ठेवला, तर म्हणा, “साहेब, कागद घरी नेतो, वाचून सांगतो.” गावातल्या शिकलेल्या माणसाला तो दाखवा. आणि शिकलेल्या माणसाने ‘स्वखुशीने’ हा शब्द लिहिण्याआधी समोरच्याला एकदा विचारावे की ही खुशी नेमकी कोणाची आहे. आम्ही 2009 साली विचारले नव्हते.